दंडाचं माप

"चपला काढा काका, आणि सरळ उभे राहा," आहारतज्ज्ञ नीला म्हणाली.

सोपानराव काट्यावर चढले. पिंपरीच्या दवाखान्यातला हा त्यांचा चौथा सोमवार. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन सुरू झालं तेव्हा वजन छप्पन्न किलो होतं, गेल्या सोमवारी एक्कावन्न. आज काट्यावर बावन्न आलं.

"बघा म्याडम," त्यांची बायको सुभद्राबाई म्हणाल्या. "पेज, नाचणी, समदं घालते मी. आमच्या पुनावळ्यात बाया म्हणत्यात, हिनं नवऱ्याला उपाशी ठेवलाय."

नीलाने आकडा लगेच लिहिला नाही. टेप काढून तिने सोपानरावांच्या दंडाभोवती धरला. गेल्या वेळी तेवीस सेंटिमीटर, आज बावीसलाही जरा कमी.

"काका, वजन वाढलं आणि दंड बारीक झाला. असं कसं?"

सोपानराव हसले. चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं ते पार्ट तपासत होते. दोन मापं जुळली नाहीत की पार्ट बाजूला. जुळली, की त्यावर नखाने दोनदा टिचकी मारायची आणि पुढे सरकवायचा.

"काटा बरोबर हाय ताई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माल खोटा हाय."

पँटच्या दोन्ही खिशांतून त्यांनी चार जाड पोलादी बुश, यंत्राच्या पोकळ कड्या, काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. पुन्हा वजन केलं. एकोणपन्नास किलो सहाशे ग्रॅम.

"अहो, ह्ये कुठनं आणलं?"

"कंपनीतलं जुनं रिजेक्ट पीस. माळ्यावर हुतं." ते थांबले, आवंढा गिळताना डोळे मिटले. "गेल्या सोमवारी बसमधी पदर तोंडाला लावून रडत हुतीस. म्हणलं, परत नको."

नीलाने खुर्ची जवळ ओढली. "मावशी, वजन हे तुमच्या स्वयंपाकाचं माप नाही. आजार किती पुढे गेलाय, शरीर किती तग धरेल, याचा अंदाज आम्ही त्यावरून बांधतो. हा खोटा आकडा डॉक्टरांकडे गेला असता, तर आणखी एक आठवडा वाया गेला असता. आजच नाकातून नळी घालू. नाहीतर रेडिएशन मध्येच थांबवावं लागेल."

"म्हंजी माझं काय चुकलं न्हाई?"

"नाही."

"पेज पातळ व्हती का?"

"नाही मावशी."

सुभद्राबाईंनी चारही बुश पदराच्या टोकात बांधले. गाठ गुडघ्यापर्यंत लोंबली.

दुपारी नळी बसली. नर्सने एकदा करून दाखवलं. पुढची खेप सुभद्राबाईंची होती. गाळलेली पेज त्यांनी मापाच्या पेल्यात ओतली. दोनशेच्या रेघेपर्यंत हवी होती.

सोपानराव उशीवरून उठले. मान वाकवून त्यांनी डोळे रेघेच्या पातळीला आणले आणि बोटाने दाखवलं: जरा कमी.

सुभद्राबाईंनी आणखी थोडी ओतली.

सोपानरावांनी पुन्हा निरखून पाहिलं. मग पेल्यावर नखाने दोनदा टिचकी मारली.