पडद्यावरचा कौल

दर मंगळवारी सकाळी आठ वाजताच रहिमतपूरच्या बाजारपेठेतल्या त्या गाळ्यासमोर चपलांचा ढीग साचलेला असे. आत देव कौल देत होता, आणि तोही संगणकावर. १९९८ साल होतं. आमच्याकडे बहुतेकांनी संगणक फोटोतच पाहिला होता.

कौलाची रीत इकडे जुनी. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाण्यानं फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. नानासोनं मूर्ती पडद्यावर आणली होती. काळ्या पाषाणाचा देव, दोन खांद्यांवर दोन पांढरी फुलं. पडद्याभोवती पितळी पत्र्याची प्रभावळ, वरून झेंडूची माळ. हा नानासो पूर्वी व्हिडिओ पार्लर चालवायचा. आता भगवी शाल पांघरून, दोन्ही हात शालीत घेऊन समोर बसायचा.

"बगा, मी हात लावत न्हाई!" तो ओरडायचा. "देव आन् तुमी. मदी कोन न्हाई!"

"आवं, पन लाईट गेल्यावर देव कुटं जातो?" मागून कुणीतरी विचारलं.

"देव हितंच असतो, गड्या. तुला दिसायला लाईट लागती."

लोक हसले, आणि हसता हसता हात जोडून पुढं सरकले.

एका मंगळवारी मी हंबीररावांबरोबर गेलो होतो. हंबीरराव लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, एके काळचे माझे विद्यार्थी. त्यांच्या मुलीच्या, अंकिताच्या हृदयाची झडप खराब झाली होती. महिन्याच्या आत ऑपरेशन करा, असं सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हंबीररावांची आई, शालूबाई, कौल घेतल्याशिवाय नातीला घराबाहेर पाठवायला तयार नव्हती, आणि आईचा शब्द मोडणं त्या सुभेदाराला जमत नव्हतं.

शालूबाईनं पदर पसरला. "देवा, पोरीला कापायला न्हेऊ का?"

पडद्यावरचं डावं फूल हललं, खाली घसरलं आणि मूर्तीच्या कोपरापाशी येऊन मधेच थांबलं. अधांतरी.

"देव इचार करतोय!" नानासो कुजबुजला. "नकार द्यायला त्येलाबी जड जातंय, माय."

मग फूल पडलं. बायकांनी डोळे पुसले. मी मात्र ते अडकणं ओळखलं. ते फूल माझं होतं.

वर्षापूर्वी गणिताच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी साताऱ्याच्या एका संगणक वर्गात नाव घातलं होतं. सगळी कॉलेजची मुलं आणि एकटा मी. शिकवणाऱ्या भार्गवीबाई सातव्या धड्याला म्हणाल्या, "पडद्यावर हलेल असं काहीतरी करून आणा." मुलांनी चेंडू उडवले, मोटारी पळवल्या. मला लहानपणी मेढ्याला पाहिलेला कौल आठवला. मूर्तीचं चित्र घेतलं, फुलं काढली. संगणकातलं घड्याळ दर ठोक्याला फूल थोडं खाली सरकवी. पडद्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन बटणं ठेवली, एक उजव्या फुलासाठी, एक डाव्यासाठी. मधे वेग कमीजास्त करायची सरकपट्टी. डाव्या फुलाच्या हिशेबात माझा एक आकडा चुकला, म्हणून ते कोपरापाशी अडकून मग पडायचं. बाई म्हणाल्या, "उद्या दुरुस्त करू." मला इतकी लाज वाटली, की मी त्याला पुन्हा हात लावला नाही. पुढं वर्गानं जुनी यंत्रं विकली, त्यातलंच एक नानासोनं घेतलं असणार. माझा धडा पुसायचं कुणाला सुचलं नसावं.

म्हणजे देव विचार करत नव्हता. माझा आकडा चुकला होता.

परतताना हंबीररावांनी विचारलं, "सर, तुमी शिकलाय ते मशीन. खरं असंल का हे?"

मी म्हणालो, "बघायला हवं."

घरी वर्गातली वही काढली. अर्ध्या तासात खात्री पटली. तरी सांगायला गेलो नाही. लोक हसतील, नानासोनं त्यात काही बदललं असेल, आपलंच चुकत असेल, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे ज्या नकारानं पोरगी घरी राहिली, तो माझ्या हातचा होता, हे चारचौघांत बोलायचा धीर नव्हता.

पुढच्या सोमवारी त्यांच्या घरी गेलो. अंकिता भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजले होते. चार पावलं चालली की धाप लागत होती.

"सर, सगळे देवालाच इचारत्यात," ती म्हणाली. "मला कोन इचारतच न्हाई. धाप मला लागती, देवाला न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी हंबीरराव आणि शालूबाईला घेऊन गाळ्यात गेलो. नानासो रंगात आला होता. मी उभा राहिलो. मग जेमतेम म्हणालो, "नानासो, ती प्रभावळ जरा काढा."

"मास्तर, देवाचं सवळं मोडंल!"

"आणि हात शालीतून बाहेर काढा."

"म्हाताऱ्याला चष्मा बदलून द्या रं!" कुणीतरी ओरडलं. खसखस पिकली. मी खाली बसणारच होतो, तेवढ्यात हंबीरराव उठले आणि त्यांनी पितळी पत्रा उचलून बाजूला ठेवला. झेंडूची माळही त्याबरोबर निघाली.

पडद्याच्या वरच्या पट्टीवर इंग्रजीत माझं आडनाव होतं: सुमंत, धडा सात. खालच्या कोपऱ्यांत, इतके दिवस पत्र्याआड झाकलेली, दोन बटणं होती. नानासोच्या शालीतून एक वायर यंत्राकडं गेली होती. मी ती ओढताच माउस बाहेर आला. माउस डावीकडं खाली शेवटपर्यंत सरकवून दाबला, की डावं फूल. उजवीकडं सरकवला, की उजवं. पडद्याकडं पाहायचीही गरज नव्हती. "हे मी वर्गात लिहिलं होतं," मी म्हणालो.

नानासो क्षणभरच गडबडला. "बरं, लिवलं मास्तरांनी. पन त्यांच्या हातनं लिवून कुनी घेतलं? देवानंच की!"

माना डोलू लागल्या.

"मग यातला चुकलेला आकडाही देवाचाच का?" मी म्हणालो. "फूल थांबतं ते माझ्या चुकीनं. पस्तीस वर्षं गणित शिकवूनही माझं चुकलं. देवाचं चुकेल?"

कुणी हसलं नाही. शालूबाई पुढं आली. मला वाटलं, शिव्या घालणार.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "मग तुमीच उजवं फूल पाडा की. तुमी पाडलं तर मी पोरीला धाडते."

हात माउसवर होता. एकदा दाबलं की काम झालं असतं. अंकिता दुपारी सांगलीला निघाली असती. पण मग गाळ्यात नानासोच्या जागी मी बसलो असतो, एवढाच फरक. आणि उद्या दुसरा कुणी डावं दाबेल.

मी माउस तिच्या हाताखाली ठेवला. "आजी, तुम्हीच दाबा."

तिनं उजवं दाबलं. उजवं पडलं. डावं दाबलं. फूल कोपरापाशी अडकलं, मग पडलं. पुन्हा उजवं. पुन्हा डावं. पाचसहा वेळा.

"म्हंजी मी म्हनंन त्येच व्हतंय?"

"होय."

"मग ह्यात देव कुटाय?"

"यात नाही, आजी."

तिनं माउस बाजूला सारला. मग मागं न वळता म्हणाली, "हंबीर, जीप काड."

सांगलीला डॉक्टरांनी अंकिताला तपासून विचारलं, "आठवडाभर कुठं होतात? फुप्फुसात पाणी झालंय." हंबीररावांनी कौलाचं सांगितलं. त्यांच्यामागं मी होतो. ऑपरेशन आणखी अठरा दिवस लांबलं. ते झालं. अंकिता वाचली, पण तिचं कॉलेजचं वर्ष गेलं, आणि जिना चढताना ती आजही मधे थांबते.

नानासो खोटारडा होता, हे लिहायला मला जड जात नाही. पण त्या आठवड्यातले सात दिवस नानासोचे नव्हते, माझे होते. म्हणून हात जोडून दोन गोष्टी सांगतो. पडद्यावर, मूर्तीवर, कशावरही काही आपोआप हललं, तर नमस्कार करण्याआधी विचारा, हे हलवतंय कोण आणि कशानं. आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्यानं कुणी विचारायची वाट पाहू नये. आवाज कापला तरी चालेल. त्याच दिवशी बोलावं.