फांद्या फुटलेली ओंबी

नोकरीच्या एकतीस वर्षांत मी गव्हाची हजारो झाडं उपटली असतील. कामच होतं ते माझं. संशोधन केंद्राच्या शेतात एखाद्या ओळीत भलतंच काही उगवलं, उंच, बुटकं, वेगळ्या रंगाचं, की ते मुळासकट काढायचं, म्हणजे बियाणं शुद्ध राहतं. भेसळ काढणं म्हणतात त्याला. माझा हात असा बसला होता की चालता चालता नजर पडायचा अवकाश, झाड हातात. उरलेला वेळ प्रयोगशाळेत सुई-चिमटा घेऊन बसायचे, म्हणून सगळे मला चिमटाबाई म्हणायचे. मी वरवर चिडायचे. खरं सांगू? आवडायचं मला ते.

आमचे सर गळ्यात दोरीने भिंग अडकवून फिरायचे. लोक म्हणायचे, हे घरी पेपरसुद्धा भिंगातून वाचतात. ते खोटं होतं, पण मी कधी खोडून काढलं नाही. दुपारी प्रयोगशाळेच्या खिडकीतून ऊन टेबलावर यायचं, मी कोवळ्या रोपाची पानं एकेक करून सोलायचे आणि सर शेजारी स्टुलावर बसून बोलत राहायचे. आजही डोळे मिटले की स्पिरिटचा तो वास येतो.

"बाई, रोप वीतभर असतं ना, तेव्हाच त्याच्या पोटात ओंबी घडायला लागते," ते सांगायचे. "टाचणीच्या डोक्याहून लहान. तिच्या अंगावर कंगोरे उठतात, आणि प्रत्येक कंगोऱ्याला एक जनुक बजावतं, बस, आता फांदी नको, फूल हो. ते जनुक मुकं झालेलं मला एकदा बघायचंय."

"आणि झालं मुकं तर?"

"तर ओंबीलाच फांद्या फुटतील. मग कळेल, इतकी वर्षं कोण बजावत होतं ते."

एकोणीस वर्षं हा माणूस ओळीओळीने ती ओंबी शोधत होता. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी ती त्यांना दिसली. नुकती बाहेर पडलेली, हिरवी, दाणा अजून धरायचा होता. खूण बांधायला खिशात दोरा नव्हता, कॅमेरा कपाटात, कपाटाची किल्ली कारकुनाच्या घरी. सोमवारी बघू म्हणून ते घरी गेले.

सोमवारी वरून तपासणीही होती. आणि मी, अतिशहाणी, कुणी न बोलावता रविवारी शेतावर गेले. माझ्या ओळीत एक काडी इकडची तिकडे दिसायला नको! तिथे ते झाड दिसलं. जाडजूड, पसरट, वेडंवाकडं. "शी, काय हे ध्यान!" असं मी मोठ्याने म्हटल्याचंही मला आठवतं. ओंबीकडे नीट बघितलंही नाही; उपटलं, विळ्याने तुकडे केले, खताच्या खड्ड्यात टाकले.

सोमवारी सर लाल दोरा घेऊन त्या ओळीपाशी उभे. "बाई, इथे एक झाड होतं."

कालचं ते ध्यान! "बघते हं," मी म्हणाले आणि सटकले. कामात अशी टाळाटाळ मी कधी केली नव्हती. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कुणी पाहिलंय? वाऱ्याने गेलं म्हण." मी म्हटलं, "गव्हाचं झाड वाऱ्याने मुळासकट जातं का? तुला शेतीतलं डोंबल कळतंय!" पण त्याच्यावर चिडून काय उपयोग होता.

मंगळवारी सकाळी सरांना सगळं सांगून टाकलं. ते बांधावर बसले. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मीही दोन सुनावल्या असत्या आणि मोकळी झाले असते. ते नुसते त्या ओळीकडे बघत राहिले, ते फार लागलं. मग म्हणाले, "ओळीतली बाकीची झाडं आहेत ना?"

"आहेत की, दहा. पण साधी आहेत ती."

"दिसायला साधी. एकाच ओंबीच्या दाण्यांतून आलेली, म्हणजे सख्खी भावंडं. ते जनुक बिघडलं असेल तर यांच्यातल्या काहींच्या पोटातही ते असेल, नुसतं दबून. पुढच्या पिढीत चारात एखादं वर येईल."

"आणि नाही आलं तर?"

"तर तो नुसता हवामानाचा खेळ होता, आणि आपण एकोणीस वर्षं उगाच घालवली."

दहाही झाडांचं बी मी वेगवेगळ्या पाकिटांत भरलं आणि पुढच्या हंगामात दहा ओळी स्वतःच्या हाताने पेरल्या. पण हिशेब जुळेना. सरांची निवृत्ती पेरणीनंतर पाचव्या आठवड्यात, आणि ओंबी बाहेर पडायला त्यापुढे दीड महिना. त्यांच्यानंतर ती खोली, ते शेत, सगळं दुसऱ्याचं होणार होतं. काय दिसलं ते त्यांना पत्राने कळणार. मला ते सहन होईना.

"रोपं चिरून आत्ताच बघू या," मी म्हटलं.

"नको, बाई. बी थोडं आहे. ज्या रोपाचं पोट चिराल तेच नेमकं असलं तर?"

मला एकदम राग आला. "अख्खं रोप कोण मारतंय? बाजूला फुटवे आलेत, त्यातला एकेक घेईन. मधला दांडा राहील की!"

"फुटव्यांचं टोक वाढीत मागे असतं. माझ्या जायच्या दिवसापर्यंत तयार होतंय की नाही..."

"ते मी बघते," मी म्हणाले.

तयार झालं ते अगदी त्यांच्या शेवटच्याच दिवशी. सकाळी सातला मी मायक्रोस्कोपला बसले. पहिल्या ओळीत काही नाही. दुसऱ्या ओळीत काही नाही. सगळ्या टोकांवर तेच शहाण्या मुलांसारखे कंगोरे. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चार वाजता शेजारच्या सभागृहात निरोपसमारंभ सुरू झाला, टाळ्या ऐकू येत होत्या. मी जागची हलले नाही.

तिसऱ्या ओळीतलं बारावं रोप. शेवटचं पान बाजूला केलं आणि माझा हात थांबला. कंगोऱ्यावर कंगोरा होता. जिथे फूल व्हायचं तिथे पुन्हा एक छोटी ओंबी डोकं वर काढत होती. खालीही तेच, बाजूलाही तेच. अगं बाई!

सोललेलं टोक दिव्याखाली पाच मिनिटांत सुकतं. मी ओला कापूस शेजारी ठेवला आणि पळत सुटले. व्यासपीठावर केंद्राचे मोठे साहेब सरांच्या कार्याचा आढावा घेत होते. मी सरळ मधून चालत गेले.

"सर, चला. सुकतंय."

"बाई, भाषण चाललंय!" मोठे साहेब माइकमधूनच ओरडले.

"भाषण नाही सुकत," मी म्हटलं. तोवर सर उठलेसुद्धा होते. साठीचा माणूस असा पळाला की मी मागे राहिले.

ते मायक्रोस्कोपवर वाकले. किती वेळ, कुणास ठाऊक. मग डोकं वर न करताच त्यांनी विचारलं, "रोप शाबूत आहे?"

"मधला दांडा शाबूत आहे. खूण बांधलीय."

त्यांनी मान वर केली. चेहरा पोरासारखा झाला होता. "मग बाई," ते म्हणाले, "एवढं आता उपटू नका म्हणजे झालं."

वर्षभरात त्या चुकीबद्दल त्यांनी काढलेला तो पहिला शब्द, आणि तोही थट्टेत. मला असं रडू फुटलं की थांबेचना. तिथेच स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. मोठे साहेब शोधत दारापर्यंत आले होते. त्यांना वाटलं, सर चालले म्हणून बाई रडतायत. मी म्हटलं, वाटू दे.