हजार सेकंदांची जोडी

संस्थेत त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला शहाण्णव म्हणत. पंधरा वर्षांपूर्वी, संस्थेतल्या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ बाईंचा विद्यार्थी असताना, त्याने एका म्हाताऱ्या तारकागुच्छात ताऱ्यांची जोडी शोधली होती. एक तारा मरून आक्रसलेला, दुसरा इतका जवळ की पहिला त्याचा वायू ओढून घेतो. तो वायू तापतो आणि क्ष-किरण फेकतो. ही जोडी शहाण्णव मिनिटांत एकमेकांभोवती फिरते, असं त्याने भरसभेत छाती फुगवून सांगितलं. बाईंनी शांतपणे विचारलं, की आपली दुर्बीण ज्या उपग्रहावर आहे, तो पृथ्वीभोवती किती मिनिटांत फिरतो. शहाण्णव. म्हणजे त्याने मोजला तो उपग्रहाचाच फेरा होता. सभा हसली. बाई हसल्या नाहीत, तेवढेच त्यांचे उपकार.

पुढे बाईंनी ही चूक आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत, ‘चुका’ या प्रकरणात, पहिलं उदाहरण म्हणून नावानिशी घातली. देशोदेशीचे विद्यार्थी ती वाचून शहाणे झाले. हा मात्र जिथल्या तिथे राहिला. जुनी निरीक्षणं जपून ठेवायची आणि मागेल त्याला काढून द्यायची, एवढंच त्याचं काम.

आता बाई तीन महिन्यांत निवृत्त व्हायच्या होत्या, आणि जाता जाता त्यांच्या हाती घबाड लागलं होतं. दुसऱ्या एका गुच्छात क्ष-किरणांचा एक ठिपका दर हजार सेकंदांनी मंदावत होता. म्हणजे तिथे हजार सेकंदांत फिरणारी जोडी असणार; इतकी घट्ट जोडी क्वचितच सापडते. सोमवारी शोधनिबंध पाठवायचा होता. शुक्रवारी दुपारी बाई त्याच्या खोलीत आल्या, खुर्चीवरच्या फायली स्वतः उचलून बसल्या आणि कागद पुढे केले. लेखकांच्या यादीत त्यांच्या नावाखाली त्याचं नाव होतं. निरीक्षणं तूच काढून दिलीस, तुझा हक्क आहे, असं म्हणाल्या. त्याला भरून आलं. ज्या बाईंना पंधरा वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यांच्यासाठी चहा आणायला तो आपणहून दोन जिने उतरला.

संध्याकाळी तो आकृत्या चाळत बसला. खरं तर आपलं नाव पुन्हा पुन्हा बघायचं होतं, आकृत्या हे निमित्त. तिसऱ्या आकृतीत तो ठिपका कॅमेऱ्यातल्या, किरण टिपणाऱ्या पट्टीच्या अगदी काठावर होता. ही दुर्बीण मुद्दाम हळूहळू डोलवत ठेवतात, म्हणजे पट्टीवरचा एखादा बिघडलेला बिंदू सगळं चित्र नासवत नाही. त्या डोलण्याचा एक फेरा हजार सेकंदांचा. काठावरचा ठिपका दर फेऱ्याला पट्टीबाहेर जात होता आणि परत येत होता. जोडीबिडी काही नव्हती. आधी हे तपासा, असं बाईंनीच पुस्तिकेत ठणकावून लिहिलं होतं, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

खात्रीसाठी त्याने आठ वर्षांपूर्वीचं, बाईंनी न मागितलेलं एक निरीक्षण काढलं. त्यात ठिपका पट्टीच्या मधोमध होता आणि अख्ख्या दिवसात एकदाही मंदावला नव्हता.

बायको दंतवैद्य. तिने रात्री भांडी पुसत सगळं ऐकून घेतलं. गप्प बसलं तर आज ना उद्या बाईंबरोबर त्याचीही शोभा होणार. बोललं तर नाव गेलंच, वर बाई म्हणणार की याने डूख धरला होता.

“एक्स-रे काढताना पेशंट हलला, तर दातात नसलेली चीर दिसते,” ती म्हणाली. “म्हणून काही मी चांगला दात उपटत नाही.”

सोमवारी सकाळी त्याने दोन्ही चित्रं बाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. बाईंनी आधी एक, मग दुसरं जवळ ओढून बघितलं.

“पंधरा वर्षं वाट बघितलीस,” त्या म्हणाल्या.

हे ऐकावं लागणार याची त्याला कल्पना होती, तरी झोंबलंच. “बघितली ना,” तो म्हणाला. “पण त्या यादीतल्या नावाची, बाई.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग शोधनिबंधाचे कागद उचलून खणात टाकले आणि खण बंद केला.

निरोपाच्या दिवशी त्यांनी त्याच्या हातात पुस्तिकेची नवी आवृत्ती ठेवली आणि गर्दीतून निघून गेल्या. घरी येऊन त्याने थेट ‘चुका’ हे प्रकरण उघडलं. पहिलं उदाहरण जुनंच, शहाण्णव मिनिटांचं. त्याच्याखाली दुसरं, हजार सेकंदांचं, बाईंनी स्वतःच्या नावानिशी छापलेलं. शेवटी एकदाची दोघांची नावं एका पानावर आली होती. त्याला हसावं की रडावं कळेना.

बायकोने पान हातात घेऊन नीट बघितलं.

“इथे तर तुझं नाव वर आहे,” ती म्हणाली.