आठ फुटांची वाट

चाकवाली मावसबहिणीकडे दोन दिवस राहायला गेली, तेवढ्यात फाटक बसलं. ती घरी असती तर पहिली खुंटीसुद्धा ठोकू दिली नसती. सोमवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून ती परतली आणि बोळाच्या तोंडाशी थबकलीच. काळंकुळकुळीत लोखंडी फाटक, दोन्ही भिंतींना जखडलेलं, मधोमध तळहाताएवढं कुलूप. एका झडपेत छोटा दरवाजा ठेवला होता, माणसाने अंग चोरून जावं एवढा. तिने पिशवीतून टेप काढून मोजलं. बावीस इंच. तिच्याकडे दुरुस्तीला येणारी सगळ्यात अरुंद व्हीलचेअर चोवीस इंचांची होती.

बोळाच्या टोकाला खाली तिचा कारखाना आणि वर दोन खोल्या. कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, पण गावभरच्या चाकाच्या खुर्च्या तिथे यायच्या. कुणाचं बेअरिंग गेलेलं, कुणाचा ब्रेक धरत नाही, कुणाचं चाक डुगडुगतंय. तीस वर्षं ती हेच करत आली होती. लोक तिला चाकवाली म्हणायचे आणि तीही त्याच नावाला ओ द्यायची.

वर तिचा दादा डाळिंबी रंगाच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. निवृत्त कारकून, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, स्वभाव असा की रिक्षावाल्याशीही आवाज चढवणार नाही.

"दादा, फाटक कधी बसलं?"

"काल," पेपर खाली न करता तो म्हणाला. "चोऱ्या वाढल्यात म्हणे."

"आणि तू बघत बसलास?"

"छकुली, उगाच वाकड्यात शिरू नकोस. शेजारी आहेत."

बावन्न वर्षांच्या बहिणीला तो अजून छकुलीच म्हणायचा. एरवी तिला ते आवडायचं. आज आवडलं नाही.

शेजारी म्हणजे कंत्राटदार. बोळाच्या तोंडाशी असलेलं घर त्याने वर्षापूर्वी घेतलं होतं. माणूस बोलायला गोड, जाता-येता हात जोडणारा. त्याची गाडीही याच बोळातून आत त्याच्या गॅरेजात जायची. ती त्याच्या दाराशी गेली तेव्हा त्याने तिला बसायला खुर्ची दिली.

"ताई, तुमच्याच सुरक्षिततेसाठी केलंय. छोटा दरवाजा ठेवलाय की."

"त्यातून खुर्ची जात नाही."

"मग वॉचमन आहे ना! माणसाला उचलून आत नेईल, खुर्ची मिटून मागून आणेल. दोन मिनिटांचं काम."

"मोठ्या कुलपाची किल्ली द्या."

"एकाच किल्लीवर सुरक्षितता राहते, ताई." तो हसला. "तुमच्या घरात सगळ्यांना विचारूनच केलंय बरं का."

शेवटच्या वाक्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. ती आधीच उठली होती.

त्याच दिवशी दुपारी गणिताच्या बाई आल्या. शाळेत शिकवणाऱ्या, करड्या केसांच्या, पंचवीस वर्षं खुर्चीत. त्यांच्या डाव्या चाकाचे तीन आरे तुटले होते. वॉचमन बिचारा सांगितल्याप्रमाणे पुढे झाला आणि त्यांच्या काखेत हात घालायला वाकला.

"हात मागे घ्या," बाई म्हणाल्या. आवाज असा की अख्खा वर्ग चिडीचूप झाला असता. "मला विचारल्याशिवाय कुणी उचलत नाही."

"साहेबांनी सांगितलंय..."

"तुमच्या साहेबांना सांगा," फाटकाआडून चाकवाली गरजली, "माझी गिऱ्हाईकं म्हणजे सिमेंटची पोती नाहीत!"

ती आत गेली, हत्यारांची पेटी उचलली आणि छोट्या दरवाज्यातून बाहेर आली. मग दुसरी फेरी मारून कामाची फळी आणली, तिसऱ्या फेरीत स्टूल. फाटकासमोर बरोबर मध्ये, रस्त्याला तोंड करून तिने ठाण मांडलं आणि गणिताच्या बाईंचं चाक खोललं. ऊन चटकायला लागलं, तशी बाईंनी स्वतःची छत्री दोघींवर धरली.

संध्याकाळी कंत्राटदाराची गाडी आली. हॉर्न वाजला. ती आऱ्यांचा ताण तपासत होती. पुन्हा वाजला.

"ताई, जरा बाजूला होता का?"

"मी कुलूप कुठे लावलंय? नुसती बसलेय. वाट सामाईक आहे ना? मग मीही माझ्या वाटेवर बसलेय."

त्या दिवशी गाडी रस्त्यावर राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिने नगरपालिकेत अर्ज दिला, सोबत घराच्या खरेदीखताची नक्कल जोडली आणि रोज सकाळी आठला फाटकासमोर दुकान मांडलं. येणारे-जाणारे थांबून विचारायचे. तीही एका हाताने काम करत सगळ्यांना सगळं सांगायची, आणि मुद्दाम मोठ्याने. कंत्राटदाराचं हात जोडणं बंद झालं. दादाने तर चार दिवस जेवताना मान वर केली नाही.

"लोक हसतात गं," एकदा तो म्हणाला.

"हसू देत. निदान बघतात तरी."

अकराव्या दिवशी नगरपालिकेच्या मोजणी अधिकारी आल्या, हातात नकाशाची गुंडाळी आणि पायात मळके बूट. त्यांनी दोन्हीकडून टेप लावली. भिंत ते भिंत आठ फूट दोन इंच.

"नकाशात आठ फुटांची सामाईक वाट आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही घरांसाठी."

"मान्य," कंत्राटदार म्हणाला आणि शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "पण मागच्या घराची संमती घेऊनच मी फाटक लावलंय. ही बघा सही."

अधिकाऱ्यांनी कागद वाचला आणि चाकवालीकडे दिला. "फाटकास हरकत नाही" एवढीच एक ओळ होती. खाली दादाची सही, ती कारकुनी वळणाची, शेवटच्या अक्षराला शेपटी असलेली.

अकरा दिवस ती उन्हात बसली होती आणि हा माणूस वर बसून भाताचे घास घेत होता. तिने वर खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला.

"दादा!" ती ओरडली. "खाली ये!"

तो आला. छोट्या दरवाज्यातून बाहेर पडताना त्याचा सदरा कडीला अडकला, तो त्याने सोडवला. सगळे बघत होते.

"सही माझीच आहे," तो म्हणाला. "हे घरी आले, हात जोडले, म्हणाले, एवढंसं काम आहे. मला नाही म्हणता आलं नाही. आयुष्यात कधी आलंच नाही." मग तो कंत्राटदाराकडे वळला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आज येतंय. माझी हरकत आहे. सही मी मागे घेतो."

"अशी कशी मागे?" कंत्राटदाराचा गोडवा आता पार उतरला होता. "सही म्हणजे सही!"

"अर्ध्या घराची," चाकवाली म्हणाली. "खरेदीखतात दोघांची नावं आहेत. अर्धी मी आहे, आणि मला कुणी विचारलं नाही."

अधिकाऱ्यांनी खत पाहिलं, मान हलवली. "एका मालकाच्या सहीवर वाट बंद होत नाही. आजपासून वाट पूर्ण मोकळी ठेवायची. फाटक हलवायला पंधरा दिवस."

"आजपासून मोकळी म्हणजे आजपासून ना?"

"हो."

"मग कुलूप काढा," ती कंत्राटदाराला म्हणाली, "नाहीतर मी बिजागरीवरून झडपा उतरवते. पाना माझ्या हातातच आहे."

त्याने किल्ली काढली. गंजलं नव्हतं तरी कुलूप उघडायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. दोन्ही झडपा भिंतीला टेकल्या. तिने स्टूल उचललं, दादाने न सांगता फळी उचलली. तिने त्याला नको म्हटलं नाही, पण त्याच्याशी बोललीही नाही. पुढचे तीन दिवस ती बोलली नाही. चौथ्या दिवशी आमटीत मीठ कमी पडलं म्हणून तोंड उघडावं लागलं.

पंधरा दिवस संपायला दोन उरले असताना कंत्राटदार स्वतः शेडमध्ये आला. हात जोडले नाहीत. हातात पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं.

"फाटक ठेवायचंय," तो म्हणाला. "पूर्ण आठ फूट उघडणारं. कुलूप नाही, नुसती कडी. रात्री ओढून घेऊ, दिवसा उघडं. चालेल?"

तिने चित्र पाहिलं, मग त्याच्याकडे. "कडी कुठल्या उंचीवर?"

"नेहमीची. छातीइतकी."

"कुणाच्या छातीइतकी?" तिने पाना खाली ठेवला आणि समोरच्या रिकाम्या व्हीलचेअरकडे बोट केलं. "आधी यात बसा. हात पोचेल तिथे कडी."

त्याने दाराशी उभ्या वॉचमनकडे पाहिलं, कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या दादाकडे पाहिलं. मग पँट सावरत तो खुर्चीत बसला.