बटणाचं मशीन

"ही बोटं मशीननं नाही तोडली, तुम्ही तोडलीत," असं म्हणून तिनं बँडेज केलेला उजवा हात साहेबांच्या टेबलावर ठेवला.

टेबलावर जाड काच होती. लाकडाला ओरखडा येऊ नये म्हणून.

साहेबांनी समोरची फाइल जराशी मागे ओढली. "बसा, बाई. शांतपणे बोलू."

"गवत उभ्यानं कापते मी. बोलेनही उभ्यानं."

तिचा नवरा दाराशी उभा होता. पंपापासून पंख्यापर्यंत संस्थेतलं सगळं तोच दुरुस्त करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. हातातला फडका धुतलेला होता आणि बोटंही स्वच्छ होती, तरी तो बोटं पुसतच राहिला.

"थंडीत ढुंकून बघत नाही कोणी आमच्याकडे," ती म्हणाली. "पण गवताचा हंगाम लागला की तुम्हाला खिडकीतून गालिचा दिसायला पाहिजे. ह्या कडेनं कापत त्या कडेला पोचेतो ह्या कडेचं पुन्हा डोकं वर काढतं. जुनं गवत कापायचं मशीन मेलं, तेव्हा मी सांगून पाठवलं होतं, बटण दाबलं की सुरू होणारं घ्या. दोरी ओढून ओढून माझा खांदा गेलाय. आमच्या ह्यांनी दुकानात घसा सुकेपर्यंत सांगितलं तुम्हाला. पण तुम्ही ऐकाल तर शपथ!"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. सोंग असतं तर बरं झालं असतं.

"मिस्त्री, तू सांगितलं होतंस? मला खांद्याचं आज कळतंय. दोन्ही मशीनं समोर ठेवली होती. मी विचारलं, हे दोरीचं चालेल ना? तू म्हणालास, चालेल साहेब."

मिस्त्रीनं फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

त्या दिवशी साहेबांनी त्याला गाडीत पुढं बसवलं होतं. दुकानात सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात टाकून ते म्हणाले होते, "आमचा मिस्त्री सांगेल तेच घेणार." दुकानदारानं त्याच्यासाठीही खुर्ची ओढली होती. त्या खुर्चीत बसल्यावर बायकोचा खांदा त्याला आठवला नव्हता असं नाही. आठवला होता. पण साहेबांचा हात दोरीच्या मशीनवर होता आणि तोंडून शब्द निघून गेला होता. घरी येऊन तो म्हणाला होता, "बोंबलून सांगितलं. ऐकतंय कोण!" तिनं साहेबांना दोन शिव्या हासडल्या होत्या आणि दमून आला म्हणून त्याला आधी वाढलं होतं.

ती आत्ता मागं वळली नाही. डावा हात दुखऱ्या खांद्याकडे निघाला आणि मध्येच थांबला.

साहेबांनी खण उघडला. काळ्या रबराची एक पट्टी काढून त्यांनी काचेवर ठेवली.

"आणि हे बघा. मूठ सोडली की मशीन बंद पडून पातं थांबावं म्हणून खटका दिलेला असतो. तो ह्या पट्टीनं करकचून बांधला होता. मूठ सोडली तरी पातं फिरतच राहणार. कुणी बांधलं हे? संस्थेची चूक असती तर संस्थेनं तुम्हाला सांभाळलं असतं, दुसरं काम दिलं असतं. पण ज्यानं हे बांधलं, त्याला मी कामावर ठेवू शकत नाही."

सायकलच्या ट्यूबची पट्टी होती ती. मिस्त्रीनं स्वतः कापलेली. तिच्या तळव्याला टोचू नये म्हणून कडा घासून गुळगुळीत केलेल्या. झोपेत ती कूस बदलताना कण्हायची, ते ऐकून त्यानं एका सकाळी खटका बांधून दिला होता. "आता सारखी दोरी ओढायला नको," म्हणाला होता. मग ओलं गवत मशीनच्या तोंडात अडकलं. तिनं मूठ सोडली आणि जुन्या सवयीनं हात आत घातला. हाताला वाटलं, पातं थांबलंय.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यापासून तो एकच वाक्य मनात घोळवत होता. त्यानं फडका खिशात कोंबला आणि एक पाऊल पुढं टाकलं.

"साहेब, ती पट्टी..."

"मी बांधली," ती म्हणाली.

साहेबांनी पट्टीवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"मशीन माझ्या हातात असतं. दुसरं कोण बांधणार?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांचे खांदे सैल झाले. "मग विषयच मिटला, बाई."

"तुमचा मिटला," ती म्हणाली आणि टेबलावरचा हात उचलला.

बाहेर हिरवळ म्हणावी असं काही उरलं नव्हतं. अपघातापासून कुणी हात लावला नव्हता. गवत पोटरीपर्यंत आलं होतं, त्याला तुरे फुटले होते. मशीन ताडपत्रीखाली झाकून भिंतीशी लावलेलं होतं. ती पायवाट सोडून सरळ गवतातून चालत निघाली. तो मागं.

"मी बोलणारच होतो," तो म्हणाला. "पट्टीचं."

"बोलून काय करणार होतात? एकाची तरी नोकरी राहू दे घरात. नाहीतर दोघं मिळून हेच चरायचं."

तो हसला नाही. तिनंही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

"माझ्यामुळं तुझा हात..."

"पट्टीचं राहू द्या." ती थांबली. ऑफिसातून निघाल्यापासून पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडं तोंड केलं. बँडेजमधला हात तिनं छातीशी धरला होता, लहान मूल धरावं तसा. "पट्टी तुम्ही माझं कण्हणं ऐकवेना म्हणून बांधलीत. मला काय कळत नाही?"

त्यानं मान खाली घातली. गवताचा एक तुरा त्याच्या पँटला चिकटला होता. तो काढायला तो वाकला.

"वर बघा."

तो सरळ झाला.

"पट्टी माझ्यासाठी होती. पण दुकानात 'चालेल' म्हणालात, ते कुणासाठी? अहो, मी विचारतेय. कुणासाठी?"