माझ्यामागे खोली नाही

मी एक जुना दरवाजा आहे. माझ्यामागे खोली मात्र नाही. दोन टेकू, रंगाचा एक रिकामा डबा आणि स्टुडिओची भिंत, एवढाच माझा संसार. हसू नका, मित्रांनो. सुतारकाकांनी मला प्लायवूडचा केला आणि रंगाऱ्याने माझ्यावर असा सागवान रंगवला, की एकदा वाळवीसुद्धा फसली.

माझी नेमणूक एका काळ्याकुट्ट सिनेमात झाली. त्यातल्या नायकाची बायको वारलेली असते, पण त्याला वाटतं, ती माझ्यामागेच आहे. तो मला ठोठावतो आणि रडतो. माझं तेव्हा फार कौतुक व्हायचं. "दरवाजा बघा, किती बंद वाटतो," असं लोक म्हणायचे.

इथला नियम असा, की दिग्दर्शकाने 'कट' म्हणेपर्यंत नटाने भूमिका सोडायची नाही. शेवटच्या दृश्याला नायक इतका छान रडला, की दिग्दर्शकाला कट म्हणवेना. जेवणाची सुट्टी झाली, दिवस उलटले, नायकाची दाढी वाढली. तो आपला ठोठावतोय.

मग त्याची खरी बायको डबा घेऊन आली.

"अहो, घरी चला."

"हळू बोला, ती आत झोपलीय," नायक म्हणाला.

ती दिग्दर्शकाकडे वळली. "भाऊ, कट म्हणा ना. एकच तर शब्द आहे."

"वहिनी, आत्ता कुठे त्याला जमतंय," कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता तो म्हणाला. "आणि जरा डावीकडे सरका, सावली पडतेय."

शेवटी तिने ठरवलं, माझ्यामागे जाऊन मला आतून उघडायचं. तिने कडीला हात घातला, तेवढ्यात बाहेरून नायकाचा आवाज आला, "तिकडे थंडी आहे का गं? ये ना. तुझ्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागत नाही."

तिचा हात तिथेच थांबला.

"कट," दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला.

नायक क्षणात शुद्धीवर आला. "झालं? अगं, चल, भूक लागलीय."

ती माझ्यामागेच, रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसली. "मघाशी हाक मारलीत, तशी मारा."

त्याने घसा खाकरला.

"नाही गं येत," तो म्हणाला. "कॅमेरा बंद आहे."

मित्रांनो, मला कुलूप नाही. कुणीही ढकललं तर मी उघडेन. पण तो ढकलत नाही, ती ओढत नाही आणि मला स्वतःहून हलता येत नाही. आता सेट मोडायला माणसं आली आहेत. एवढंच मागणं आहे, मला भंगारात काढू नका. माझ्यामागे माणूस बसलंय.