मशीनची झील

प्रवीणनं एन्टरच्या बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. शर्टाला पुसून पुन्हा ठेवलं.

"दाब की," मागून त्याचे आजोबा, बन्सीआबा म्हणाले. "इंचू हाय का त्यो?"

"आबा, चुकलं तर तुमची गाणी जातील."

आबांनी चघळत असलेली सुपारी एका गालात दाबली.

बेलापुरातल्या त्या पुढच्या खोलीत प्रवीण आणि त्याची बायको यशोधरा लग्नपत्रिका करायचे. एक कॉम्प्युटर टेबलावर, दुसरा जुना पलंगाखाली, मधे काळी केबल. केलेलं सगळं काम खालच्या मशीनवर साठायचं. आबांच्या जलशाची गाणीही तिथंच होती. आबांनी ती कधी कागदावर घेतली नव्हती. त्यांचा आवाज सुटला की प्रवरेपलीकडची जनावरं कान टवकारायची, असं सांगणारे अजून आहेत. नदीला तेव्हा पाणी कमी असावं, एवढंच. दोन वर्षांमागं आबा म्हणत गेले, यशोधरा टाइप करत गेली. त्याच साली त्यांच्यामागं सूर धरणारा शेवटचा झीलकरी सहादेव वारला. "आता मशीन संबाळतंय," म्हणून आबांनी तुणतुणं खुंटीला लावलं, ते लावलंच.

फ्लॉपीवरची प्रत बुरशीनं खाल्ली होती. आणि परवा विजेचा झटका बसल्यापासून खालचं मशीन वरच्याला ओळख देईना. प्रवीणनं पुण्याहून सीडी आणली. टेबलावरचा पडदा आणि कीबोर्ड त्यानं खालच्या मशीनला जोडले. सीडीतला पॅकेज मॅनेजर आधी त्या मशीनवर बसवायचा. तो बसला की दोन्ही मशीनची ओळख जुळवणारे बाकीचे प्रोग्राम नुसती नावं टाइप करून बसवता येणार होते. माउस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा. सीडी देणाऱ्यानं जाताजाता सांगितलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर डिस्क धुऊन निघेल. तेव्हापासून प्रवीणला जेवण गोड लागत नव्हतं.

त्यानं डोळे मिटून बटण दाबलं.

पलंगाखाली घरघर झाली. थांबली. पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

"काय म्हनतंय?"

"काहीच नाही."

"आरं, व्हय का न्हाई, कायतरी म्हनंल की!"

प्रवीणनं मार्गदर्शनाचं पुस्तक उलटंपालटं केलं. काय लिहायचं ते सगळं होतं. शेवटी काय दिसेल, ते लिहिणाऱ्यानं लिहिलंच नव्हतं. त्याच्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडला. यशोधरानं तो पदरानं टिपला.

आबा पडद्याकडे बघत होते. जलशात पुढच्यानं ओळ सोडली की मागच्यांनी झील धरायची. झील आली नाही, तर ओळ पडली. दुसरा अर्थच नाही.

"झील न्हाई आली," ते हलकेच म्हणाले. "पडली वळ, पोरा. गेली गानी."

"आबा, थांबा जरा..."

आबा थांबले नाहीत. उठून त्यांनी खुंटीवरचं तुणतुणं काढलं, धोतराच्या सोग्यानं त्यावरची कोळ्याची जाळी पुसली.

"यशोधरा, कागद घे. माज्या ध्यानात हाय तवर घे."

पहिली ओळ घशातच फाटली. त्यांनी तार पिळली आणि पुन्हा उचलली.

"दार उघडा मास्तर, दार उघडा..."

प्रवीणची बोटं घाईघाईनं कीबोर्डवर चालली होती. गाण्यांचं दप्तर उघडायचा हुकूम त्यानं दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा पडद्यावर नावं सरसर उतरली. सगळी जागच्या जागी. पॅकेज मॅनेजर बसला होता. फक्त तसं सांगायची त्याला सवय नव्हती.

"अगं, हे बघ, सगळं..."

यशोधरानं बघितलं. मग आबांकडे बघितलं. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती, डोळे मिटलेले, पाय ठेका धरत होता. तिनं हात लांब केला आणि पडदा बंद केला. पेनचं टोपण दातानं काढून ती लिहू लागली.

कडवं संपलं. आबा थांबले. सवयीनं त्यांनी डाव्या खांद्यामागं कान दिला, सहादेव उभा राहायचा तिथं.

तिथं प्रवीण होता. दहावीनंतर जलशात उभं राहायची त्याला लाज वाटायची.

आबा थांबूनच होते. यशोधराचं पेनही थांबलं.

प्रवीणनं घसा खाकरला.

"आलो पाटी घेऊन, जी जी..."

आबांनी मान वळवली नाही. तुणतुण्यावरचं बोट तेवढं उचलून खूण केली: वर. आणखी वर.